पायाशी गरम हवा

मासोळी आली तेव्हा थोरली एका व्हॅनच्या पोटाखाली उताणी पडली होती. गाडी दिसायच्या आधी तिला ऐकू आली. तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता, कारण त्या इंजिनाचे दोन्ही कार्बोरेटर तिनंच कान लावून जुळवले होते. आवाज गॅरेजच्या दारात येऊन थांबला, आणि व्हॅनखालून तिला नुसते पाय दिसले. अनवाणी, घोट्यांपर्यंत लालभडक.

"ताई! आहेस का गं आत? शिजले मी, अक्षरशः शिजले!"

थोरलीच्या हातातला नट आवळून झाला होता. तरी तिनं उगीच अजून एकदा पाना फिरवला आणि मगच सरकत बाहेर आली.

धाकटी बहीण गाडीला टेकून उभी होती. केस कपाळाला चिकटलेले, चपला हातात, आणि तरीही हसू ओठांवर. तिला घरात सगळे मासोळी म्हणत. चालायच्या आधी ही पाण्यात सुळकन जायची, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मोठी झाल्यावर तिनं कामही तेच धरलं. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक पोहण्याचा तलाव होता, तिथं ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. थोरलीलाही बाबांनी नाव ठेवलं होतं, बारा-तेरा. गाडीखालून बाबांनी नुसता हात बाहेर काढला की ती न विचारता नेमका त्या मापाचा पाना त्यांच्या तळहातावर ठेवायची, म्हणून. बाबा ते कौतुकानंच म्हणत. पण एकीला मासोळी म्हणायचं आणि दुसरीला पाना, यात काय ते आलंच, असं थोरलीला शाळेत असल्यापासून वाटत आलं होतं.

आणि ही गाडी. दोन सीटची, बुटकी, लांब नाकाची, गर्द हिरवी. बाबांनी ती कुणाच्या तरी परसातून उचलून आणली तेव्हा तिच्या बॉनेटमधून वेल वर आला होता. त्यानंतरच्या थोरलीच्या सगळ्या सुट्ट्या त्या गाडीत गेल्या. गंज खरवडला तिनं, वायरिंग ओढलं तिनं, रंगाच्या आधी पत्रा घासून घासून हातांची सालं काढून घेतली तीही तिनंच. लग्न झाल्यावर तिच्या नवऱ्यानं, तो शेजारच्याच खोलीत गाड्यांची सीट कव्हरं शिवायचा, आतली दोन्ही आसनं शिवून दिली. मासोळीनं काय केलं? येता-जाता आत बसून हॉर्न वाजवला.

शेवटच्या आजारपणात बाबांनी दोघींना पलंगाजवळ बोलावलं आणि म्हणाले, "गॅरेज बारा-तेराला. गाडी मासोळीला."

गॅरेज म्हणजे जागा, हत्यारं, गिऱ्हाइकं, वरचं राहतं घर. लोक म्हणाले, थोरलीचं भलं झालं. तिलाही ते कळत होतं. पण ज्या दिवशी मासोळी चावी बोटाभोवती फिरवत गाडी घेऊन गेली, त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं होतं ते काही थांबलं नव्हतं. रस्त्यावर गर्द हिरवा रंग दिसला तरी तिचं तोंड कडू व्हायचं.

"काय झालंय?" तिनं हात पुसत विचारलं.

"एसी लावला की पायाशी भट्टी पेटते. नाही लावला तरी पेटते. तो लाल-निळा दांडा कुठंही सरकव, काही फरक नाही."

"कधीपासून?"

"माझ्याकडे आली तेव्हापासून. थंडीत बरं वाटायचं, म्हणून बोलले नाही. आता या उन्हात नाही गं सहन होत."

"थंडीत बरं वाटायचं म्हणून बोलले नाही," थोरलीनं तिचेच शब्द चावून परत केले. "कुणाला दाखवलीस?"

"तलावाजवळ एक टायरवाला आहे. तो म्हणाला, जुन्या गाड्यांचं असंच असतं."

टायरवाला! थोरलीला एकदम बरं वाटलं. आजारी माणसाला आपलं औषध सापडावं तसं. तिनं बॉनेट उघडलं.

हीटर म्हणजे काही मोठं गौडबंगाल नसतं. इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून फिरवायचं आणि तिच्यावर पंखा मारायचा, की आत गरम हवा. नको असेल तेव्हा ते पाणी अडवायला वाटेत एक कॉक असतो, आणि आतला लाल-निळा दांडा केबलनं तो कॉक उघड-बंद करतो. थोरलीनं मासोळीला आत बसवून दांडा सरकवायला लावला आणि स्वतः कॉकवर नजर ठेवली. दांडा सरकला, कॉक ढिम्म. केबलची पकड सोडवलेली होती. आणि कॉकची दांडी तांब्याच्या तारेनं मागे ओढून, उघडीच्या उघडी, घट्ट बांधून ठेवलेली.

"वा!" थोरली म्हणाली. "एसी लाव."

पंखा घरघरला. पण एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की जो टक असा आवाज येतो, तो आलाच नाही. पुली नुसती फिरत होती. थोरलीनं त्याची वायर हातानं चाचपत मागं नेली. वायर तुटलेली नव्हती. सोडवून, टोकाला टेप गुंडाळून, पाइपामागं नीट खोचून ठेवलेली होती.

"बघ, बघ तुझ्या टायरवाल्यानं काय दिवे लावलेत. हीटर कायमचा चालू करून ठेवलाय आणि एसीची वायर काढून ठेवलीय. वर म्हणतो, जुन्या गाड्यांचं असंच असतं!"

मासोळी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "पण ताई, त्यानं बॉनेट उघडलंच नव्हतं बहुतेक."

"मग भुतानं बांधली का तार?"

मासोळीनं डोकं आत घेतलं. तिनं माघार घेतली याचाही थोरलीला आनंद झाला. तिनं पक्कडीनं तार तोडली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. केबलला नवी पकड बसवली, वायर जोडली, गेज लावून गॅस पाहिला. गॅस पुरेसा होता. मग इंजिन चालू केलं. टक. हातासरशी व्हाव्यात इतक्या सोप्या दोन गोष्टी, आणि आतल्या झडपांमधून गार हवा यायला लागली. मासोळीनं झडपेला गाल लावून डोळेच मिटले.

"ताई, तू देवमाणूस आहेस गं!"

थोरलीला हे ऐकून गुदगुल्या व्हायला हव्या होत्या. झाल्या नाहीत. नळ गळायचा थांबला की नळवाल्याला असंच म्हणतात, असं तिला वाटलं. एरवी दुसऱ्या कुणाची गाडी असती तर तिनं ती एसी लावून चढावर नेऊन, पाणी किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्यावर डोळा ठेवून, मगच परत दिली असती. हा तिचा नेम होता, आणि तो तिनं कधी मोडला नव्हता. पण आज तिला ती गाडी नजरेसमोरून लवकर जायला हवी होती. सावलीत उभ्या गाडीचा काटा मध्यावर होता, तेवढं तिनं पाहिलं आणि बॉनेट आपटलं.

"चल, चक्कर मारून येऊ," मासोळी म्हणाली. "वरपर्यंत. बस ना!"

आपल्याच गाडीत आपल्याला कुणी चक्कर मारायला बोलवावं! थोरली बसली खरी, पण इकडं-तिकडं कशीही सरकली तरी तिला नीट बसता येईना. या बाजूच्या सीटवर ती कधी बसलीच नव्हती. बाबा चालवत तेव्हा ती गॅरेजच्या दारात उभी राहून आवाज ऐकायची, आणि ती चालवायची तेव्हा बाबा दारात असायचे.

मासोळी गिअरची कडकड करणार, याची ती वाटच पाहत होती. ते काही झालं नाही. मासोळी गिअर टाकताना मध्येच एक श्वास थांबायची, मग हलकेच पुढं ढकलायची. गाडीला कळायचंही नाही. असं एकच माणूस चालवायचं.

"हे कुठं शिकलीस?"

"बाबांकडे. शनिवारी शिकवायचे ना."

"कुठल्या शनिवारी?"

मासोळीनं एक नजर तिच्याकडे टाकली आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. "सगळ्याच. शनिवारी दुपारी यायचे ते माझ्याकडे, तलावावर."

शनिवारी दुपारी बाबा बुद्धिबळ खेळायला जात. गावाबाहेर एक जुना मित्र राहतो म्हणून सांगत. थोरली त्यांना डबा भरून द्यायची, मित्रालाही द्या हं म्हणून जरा जास्तच भरायची.

"बुद्धिबळ," ती म्हणाली.

"बुद्धिबळ कुठलं गं! पाण्यात उतरायचे. आधी कमरेएवढ्या, मग गळ्याएवढ्या. माझ्या लहान मुलांच्या तुकडीत. मुलं त्यांना आजोबा बेडूक म्हणायची." मासोळी हसायला लागली. "शेवटी शेवटी तर या काठापासून त्या काठापर्यंत जायचे."

गाडी आता चढाला लागली होती. एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला उन्हानं पांढरा पडलेला कडा, आणि त्या चढाच्या पलीकडं तो तलाव. थोरलीच्या तोंडावर गार हवा येत होती आणि आतून ती पेटली होती. पाण्याच्या टाकीजवळ जायला घाबरणारे बाबा, पावसाच्या डबक्याला वळसा घालणारे बाबा, ते पोहत होते, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. जे दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तिनं टाळ्या वाजवल्या असत्या, ते मासोळीच्या तोंडून ऐकताना तिला नखं तळहातात रुतवून बसावं लागलं.

त्यामुळे काटा तिला दिसलाच नाही. आधी वास आला, गरम, गोडसर.

"थांबव. बाजूला घे. एसी बंद, इंजिन बंद!"

बॉनेटच्या फटीतून वाफ फुसफुसत बाहेर आली. दोघी खाली उतरल्या. मासोळीनं बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला तसा थोरलीनं तिचा हात हिसडून मागं ओढला. "भाजून घ्यायचंय? गार होईपर्यंत काही करता येत नाही. बस तिथं."

रस्त्याकडेला एक झाड होतं. त्याच्या सावलीत दोघी दगडांवर बसल्या. करण्यासारखं काही नसलं की थोरलीचे हात खिशात जात. बोटांना तार लागली. तिनं ती बाहेर काढून पाहिली, आणि मग पाहतच राहिली.

तारेचे पीळ उलटे होते. उजव्या हाताचा माणूस तार पिळतो ती एका अंगाला. बाबा डावरे. त्यांनी बांधलेली प्रत्येक तार सोडवताना लहानपणी ती चुकायची आणि तार अजूनच घट्ट व्हायची. तार तोडताना तिनं पीळ बघितले होते. बघितले होते, पण त्या वेळी तिला टायरवाला हवा होता.

मग बाकीचं कळायला वेळ लागला नाही. इंजिनाचं पाणी गार करणारा रेडिएटर आतून तुंबलेला. चढावर पाणी तापायचं. हीटर सतत उघडा ठेवला तर तो छोटा दुसरा रेडिएटर होतो. इंजिनाची उष्णता माणसाच्या पायांवर ओतायची, पण इंजिन वाचवायचं. एसीनं इंजिनावर भार पडतो, म्हणून त्याची वायर सोडवून ठेवायची. कच्च्या माणसाचं काम नव्हतं ते. आणि दुरुस्तीही नव्हती. चढ पार करण्यापुरती केलेली सोय होती.

"हे बाबांनी केलंय," ती म्हणाली.

मासोळीनं मान हलवली. आश्चर्य वाटल्यासारखी नाही.

"तुला माहीत होतं?"

"तारेचं नव्हतं माहीत. पण ते हीटर लावून यायचे, भर उन्हात, खिडक्या उघड्या टाकून. पाय लाल व्हायचे. आले की आधी पाय पाण्यात सोडून बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, इंजिनाला बरं असतं."

"मला का नाही सांगितलं? माझ्याकडे एवढं गॅरेज! एका दिवसात रेडिएटर साफ करून दिला असता मी!"

मासोळी गवताची काडी तोडत राहिली. "ते म्हणाले, बारा-तेराला कळलं तर ती गाडी नीट करेल, पण चावी परत देणार नाही."

बाबांच्या डोळ्यांचं दुखणं सुरू झालं तेव्हा ती खरंच म्हणाली होती, आता लांब जायचं नाही, बाबा, गल्लीत काय ती फिरवा. त्यांनी हो म्हटलं होतं. आणि मित्राकडे तेवढं जाऊ दे, जवळच तर आहे, असंही म्हटलं होतं.

"आणि तू त्यांना येऊ दिलंस? धड दिसत नव्हतं त्यांना! या वळणांवरून?"

"दिलं येऊ."

"काही झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं तर झालं असतं!" मासोळीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुझ्याकडे रोज असायचे गं ते. सकाळी उठल्यापासून. तुझ्या हातचा चहा, तुझ्याशी वाद, तुझ्या गाड्या. फोन केला तर बोलायचे काय? आज बारा-तेरानं गिअरबॉक्स उतरवला. बारा-तेराला कसा आवाजावरून बिघाड कळला. मी ऐकायची. माझ्या वाट्याला एक दुपार आली. ती मी का सोडू? तूच सांग, का सोडू?"

आपलाही कुणी हेवा करत असेल, हे थोरलीच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिला वाटलं, हे ऐकून आपल्याला जरा तरी हलकं वाटेल. वाटलं नाही. रोजचे बाबा म्हणजे खोकणारे, हत्यारं जागच्या जागी न ठेवणारे, चहा गार झाला म्हणून कुरकुरणारे. पण पाय भाजून घेत, डोळ्यांनी नीट दिसत नसताना, खोटं सांगून जे बाबा चढ ओलांडून जायचे, ते सगळेच्या सगळे मासोळीचे होते. थोरलीपर्यंत पोचायला त्यांना कधी खोटं बोलावं लागलं नव्हतं. पोटातलं ते दुखणं आता पक्कं बसलं.

झाकण हाताला सोसण्याइतकं झालं तेव्हा तिनं मासोळीची पाण्याची बाटली त्यात ओतली. लाल-निळा दांडा लालच्या टोकाला नेला, पंखा पुरा सोडला, खिडक्या खाली केल्या आणि स्वतः स्टीअरिंगवर बसली. "चल. असंच जावं लागणार."

खालपर्यंत दोघी त्या भट्टीत बसून आल्या. तळव्यांना चटके बसत होते, पाठ सीटला चिकटली होती, घाम डोळ्यांत उतरत होता. मासोळीला मध्येच हसू फुटलं, तिनं पाय उचलून डॅशबोर्डवर ठेवले. थोरली हसली नाही. तिला पाय उचलता येत नव्हते. एक ब्रेकवर, एक ॲक्सिलरेटरवर.

मासोळी बसनं घरी गेली. थोरलीनं रेडिएटर काढून पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या रेडिएटरवाल्याकडे दिला. त्यानं आत पाणी सोडून पाहिलं आणि म्हणाला, "यातनं पाणी जातंय हेच नवल. आतली जाळी बदलून देतो." त्यानं शब्द पाळला. थोरलीनं रेडिएटर बसवला, हीटरचे पाइप धुतले, सगळं पाणी नवं भरलं. या वेळी ती गाडी चढावर घेऊन गेली, एसी लावून, काट्यावर डोळा ठेवून. काटा मध्यावरून हलला नाही.

संध्याकाळी मासोळीचा फोन आला. "झाली का गं?"

"रेडिएटर आला नाही अजून," थोरली म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून कसं बाहेर पडलं ते तिलाच कळलं नाही. पण एकदा पडल्यावर दुसऱ्या दिवशी ते अजून सहज पडलं.

दुपारचं जेवण झालं की ती गाडी बाहेर काढायची. नवऱ्याला सांगायची, ट्रायल घेऊन येते. चढ ओलांडून ती तलावापाशी जायची, कुंपणाच्या बाहेर, तलावातून झिरपणाऱ्या पाण्यानं ओल्या जमिनीवर, भिंतीच्या आडोशाला उभी करायची, आणि काचा लावून आत बसून राहायची. जाळीतून पाणी दिसायचं. उथळ पाण्यात मासोळी उभी असायची, एका हातावर एखादं पोर पालथं घालून, तोंडानं काहीतरी सांगत. पोर पाय आपटायचं. मग ती हात हळूच काढून घ्यायची, आणि पोराला ते कळायचंही नाही. थोरली त्या पाण्यात बाबांना शोधायची. कुठल्या काठाला धरून उभे राहत असतील? पायऱ्यांनी उतरत असतील की कठड्यावर बसून? मासोळीनं त्यांच्याही पोटाखाली असाच हात धरला असेल का? या शेवटच्या प्रश्नाशी आली की ती गाडी वळवून निघून यायची.

"रेडिएटर आला नाही म्हणतेस फोनवर," नवरा एकदा शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "आणि मी रोज टायरांना लागलेला चिखल बघतो. पाऊस तर नाही पडला. कुठला चिखल गं हा?"

"तुझं तू शिव."

"शिवतोय. पण तिला फसवून तुझं काय भरून येणार आहे, ते मला काही या मापात बसत नाही."

थोरली दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

त्या दिवशी पाण्यात मासोळी नव्हती. थोरली मान उंच करून बघत होती, तेवढ्यात बाजूच्या काचेवर टकटक झाली. मासोळी. अंगाला टॉवेल गुंडाळलेला, डोक्यावर रबरी टोपी, नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळतंय. तिनं पलीकडचं दार उघडलं आणि ओल्या अंगानं सीटवर बसली. एसीची गार हवा सुटली होती.

"रेडिएटर बरा चाललाय," मासोळी म्हणाली.

थोरलीनं समोरच बघितलं.

"मुलांनी सांगितलं मला. हिरवी गाडी रोज येते म्हणून. मला वाटलं, त्यांना भास होतोय." तिचे दात वाजायला लागले. "एसी बंद कर, गारठले मी." थोरलीनं बंद केला. "मागायची होतीस ना. एवढी हवी होती तर मागायची होतीस, ताई. मी दिली असती."

"तू दिलेली नको होती."

मासोळीनं टोपी काढून हातात पिळली. पाणी थोरलीनं घातलेल्या नव्या मॅटवर पडलं. "म्हणजे त्यांनी दिलेली हवी होती."

"हो."

"ते मी कुठून आणू?" मासोळीचे डोळे लाल झाले होते; पाण्यामुळे की कशामुळे, सांगता आलं नसतं. मग तिनं हात पुढं केला. "चावी दे. आज घेऊन जाते मी. तू खोटं बोललीस माझ्याशी. मला राग आलाय, आणि तो जायला वेळ लागेल."

थोरलीनं चावी तिच्या हातावर ठेवली.

"थांब, कपडे बदलून येते. सोडते तुला घरी."

"मी बसनं जाईन."

"मग जा," मासोळी म्हणाली.

थोरली गेली. बसथांब्यावर उभी असताना तिच्या समोरून गाडी गेली. मासोळीनं हॉर्न वाजवला नाही. गिअर बदलताना मात्र तोच एक श्वासाचा थांबा ऐकू आला, आणि थोरलीच्या मनात पहिल्यांदा आलं, छान चालवते. कडू लागलं, पण आलं.

उन्हाळा गेला. पाऊसही गेला. बहिणींचं बोलणं लोकांपुरतं राहिलं. थंडी चांगली पडली होती तेव्हा एका दुपारी फोन वाजला.

"ताई, रागावू नकोस. हीटर गार हवा मारतोय."

"काटा कुठंय?"

"चालवताना मध्यावर होता. आता तासभर बंद आहे."

"दांडा लालवर आहे? मग पाण्यात हवा अडकलीय. मध्ये काही उघडलं होतंस?"

"हीटरचा एक पाइप ठिबकत होता. बदलला मी."

"कुणाकडून?"

"कुणाकडून नाही. मीच बदलला. क्लॅम्प सोडवला, नवा पाइप लावला, पाणी भरलं."

थोरली स्टुलावर बसली. मासोळीनं गाडीला पहिल्यांदा हत्यार लावलं, आणि तेव्हा ती तिथं नव्हती. पुन्हा तेच. बाबा पोहताना ती नव्हती, मासोळी पाइप बदलताना ती नव्हती.

"ऐक. इंजिन गार आहे? मग गाडी चढावर लाव, नाक वर करून. झाकण काढ. दांडा लालवर. इंजिन चालू कर आणि वरचा पाइप हातानं दाब, सोड, दाब, सोड. गाईचं दूध काढतात तसं."

"बुडबुडे येतायत!"

"येऊ देत. येणं थांबलं की पाणी घाल. घाई करू नकोस."

फोन मासोळीनं बहुतेक बॉनेटच्या कडेवर ठेवला होता. इंजिनाची धडधड ऐकू येत होती, मधूनच तिचं स्वतःशी बोलणं, एकदा बोट पोळलं म्हणून शिवी. थोरली कान लावून बसली. मग दार उघडल्याचा आवाज, पंख्याची घरघर, आणि मासोळीचा चीत्कार.

"आली! ताई, गरम आली!"

"झाकण लावलंस का?"

"लावते, लावते."

"मासोळी, तो एक बारीक किरकिर आवाज येतोय ना, तो पंख्याच्या पट्ट्याचा आहे. सैल झालाय. तू करायला जाऊ नकोस, बोट जाईल. इकडे घेऊन ये."

"रविवारी आणू?"

"रविवारी गॅरेज बंद असतं."

"म्हणूनच विचारते."

थोरलीनं नवऱ्याच्या खोलीकडं बघितलं. मशीन थांबलं होतं, तो उघड उघड ऐकत होता.

"ये," ती म्हणाली. "सकाळी ये. पट्टा कसा ताणतात ते दाखवते तुला. आणि तू मला सांग, बाबा पाण्यात पायऱ्यांनी उतरायचे की कठड्यावरून."